मुलांच्या ओपीडीत सेवेचा दर्जा मोजायचा कसा? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतेच रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, तालुक्याच्या गावी नवी ओपीडी थाटलेले बालरोगतज्ज्ञ, आणि ज्यांच्याकडे रोज पंधरा-वीस लहान मुलं येतात असे फॅमिली डॉक्टर. आपण मुलांना नीट बघतो का, हा प्रश्न यांच्यापैकी प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येतो. उत्तर बहुतेक वेळा गर्दीकडे बघून दिलं जातं: पेशंट वाढतायत, म्हणजे चांगलंच चाललंय. पण गर्दीचा आणि बरोबर उपचारांचा संबंध फार सैल आहे. जुलाबाच्या बाळाला सलाईन लावलं की घरचे समाधानी होतात, आणि त्याला झिंक लिहून दिलं का, हे कुणी विचारत नाही. ते आपणच विचारायला हवं.

मी आधी आरोग्य केंद्रात आणि नंतर स्वतःच्या ओपीडीत हे मोजमाप करत आले आहे. गोंधळ नेमका कुठे होतो ते ठाऊक असल्याने त्याच क्रमाने लिहिते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. एवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली दर्जा बघण्याच्या तीन जागा सांगितल्या: सोयी-साधनं, प्रत्यक्ष केलेलं काम आणि शेवटी झालेला परिणाम. लहान ओपीडीसाठी मधली जागाच उपयोगाची. परिणाम मोजायला जाल, म्हणजे किती मुलं दगावली, किती भरती झाली, तर संख्या इतकी लहान असते की त्यातून काहीच कळत नाही. शिवाय ज्याच्याकडे जास्त आजारी मुलं येतात तो उगाच वाईट दिसतो. सोयी-साधनं मोजणं सोपं, पण ऑक्सिमीटर कपाटात असणं आणि तो बाळाच्या बोटाला लागणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. म्हणून काम मोजा. जे करायला हवं ते झालं का, किती मुलांच्या बाबतीत झालं, एवढंच.

सरकारी संस्थांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं २०१३ पासून आहेत. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण, आणि प्रमाणपत्रासाठी एकूण किमान ७० टक्के. मुलांच्या सेवांसाठी २०२१ मध्ये 'मुस्कान' आलं. ते करायचं असेल तर जरूर करा, दवाखान्याला त्याने शिस्त लागते. पण तपासणी पथक येण्याआधीची धावपळ म्हणजे मोजमाप नव्हे. इथे जे सांगतेय ते दर महिन्याला, दोन-तीन तासांत, कुणी बघायला येणार नसतानाही करण्याचं काम आहे.

१. आधी सामान जमवा

कागदपत्रं:
- ओपीडीचे केसपेपर किंवा नोंदवही (संगणकावर असेल तर त्याची यादी)
- लसीकरण नोंदवही; सरकारी केंद्रात यू-विन या लसनोंदीच्या सरकारी पोर्टलवरची यादीही
- लसींच्या फ्रीजची तापमान वही
- संदर्भ सेवेची वही, म्हणजे कुठलं मूल पुढे पाठवलं त्याची नोंद
- आईकडचं माता-बाल संरक्षण कार्ड (हे तुमच्याकडे नसतं, बघायला मागावं लागतं)

साधनं:
- बाळांचा आणि मोठ्या मुलांचा वजनकाटा, दोन्ही डिजिटल
- दंडघेर मोजायची पट्टी
- सेकंदकाटा असलेलं घड्याळ
- लहान मुलांचा प्रोब असलेला पल्स ऑक्सिमीटर
- दोनशे पानी वही आणि आलेखाचा कागद

काटा आधी तपासून घ्या. किराणा दुकानातून बाट मागून आणा, दोन किलो आणि पाच किलो. काट्यावर ठेवा. फरक दिसला तर बाकी सगळं थांबवा आणि आधी काटा नीट करून घ्या, कारण मुलांचा प्रत्येक डोस त्या आकड्यावर उभा असतो.

२. केसपेपरवर काय लिहिलं जातंय ते बघा

मागच्या महिन्यातले कुठलेही दहा केसपेपर काढा आणि शांतपणे वाचा. वय वर्षांत लिहिलंय की महिन्यांत? "वय १" म्हणजे बारा महिने की तेवीस? वजन आहे का? निदान आहे का, की नुसती औषधं? जे लिहिलेलं नाही ते मोजता येत नाही, आणि "आम्ही करतो, फक्त लिहीत नाही" या वाक्यावर कुठलंही मोजमाप उभं राहत नाही.

बहुतेक ठिकाणी या पायरीवर एक रबरी शिक्का करून घेणं पुरतं. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात चार रिकाम्या जागा: वय (महिने), वजन, श्वास दर मिनिटाला, लस बाकी आहे का. शिक्का कोण मारणार आणि वजन कोण लिहिणार हे त्याच दिवशी ठरवा. माझ्या मते वजन डॉक्टरांच्या खोलीबाहेरच व्हावं. आत आल्यावर मूल रडायला लागलं की ते राहून जातं.

३. पाच-सहा गोष्टी निवडा, जास्त नाहीत

नव्या माणसाला वीस निर्देशांक, म्हणजे मोजायच्या गोष्टी, घ्यावेसे वाटतात आणि दुसऱ्या महिन्यात वही बंद पडते. मी सुचवते त्या या:

*जुलाब.* पाच वर्षांखालच्या, जुलाब झालेल्या मुलांपैकी किती जणांना ओआरएस आणि झिंक दोन्ही लिहिलं? झिंक दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम, पूर्ण १४ दिवस. पाच दिवसांचंच झिंक लिहिलं असेल तर ते "झालं" धरू नका. याच कागदावर दुसरा प्रश्न: शौचात रक्त नसताना अँटिबायोटिक दिलं का?

*खोकला.* खोकल्याच्या किती मुलांचा श्वास मोजून आकडा लिहिला? दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. आई "धाप लागतेय" किंवा "पोट उडतंय" म्हणाली असेल तर ते तिच्याच शब्दांत लिहा आणि छाती आत ओढली जातेय का ते बघून पुढे नोंदवा. जलद श्वास नाही, छाती ओढली जात नाही, कान-घसा ठीक आहे, तरी अँटिबायोटिक गेलं का, हे मोजा.

*खोकल्याची औषधं.* दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं मिश्रण लिहिलं का? इथे उद्दिष्ट शून्य. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांना न देण्याची सूचना छापा, असं औषध महानियंत्रकांनी २०२३ च्या अखेरीस सांगितलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या कफ सिरपमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. विदर्भातल्या डॉक्टरांना हे वेगळं सांगायला नको. त्या बाटलीतलं विष ओपीडीत बसून ओळखता आलं नसतं हे खरं. पण गरज नसलेली बाटली न लिहिणं आपल्या हातात आहे, आणि ते मोजताही येतं.

*लस.* आजारी म्हणून आलेल्या मुलाची लस बाकी होती का, आणि असेल तर त्याच भेटीत दिली किंवा तारीख ठरवून दिली का? साधी सर्दी, थोडा ताप किंवा सौम्य जुलाब ही लस पुढे ढकलायची कारणं नाहीत. तरी "बरं झाल्यावर आणा" असं सांगितलं जातं आणि मूल परत येतं ते पुढच्या आजारालाच.

*वाढ.* सहा महिने ते पाच वर्षांतल्या मुलांचा दंडघेर मोजला का? ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्ये मध्यम. दोन्ही पायांवर सूज असेल तर आकडा कितीही असो, ते मूल तीव्र कुपोषितच. मोजल्यावर पुढे काय केलं तेही बघा: अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना कळवलं का, पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं का.

*डोस.* पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे आहे का, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम? इथे एक सापळा मोठा आहे. ड्रॉप्स बहुधा १ मिलीला १०० मिलिग्रॅमचे असतात आणि सिरप ५ मिलीला १२५ किंवा २५० मिलिग्रॅमचं. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर ड्रॉप्स दीड मिली आणि १२५ चं सिरप सहा मिली. केसपेपरवर नुसतं "पॅरा ५ मिली" लिहिलं आणि दुकानदाराने ड्रॉप्स दिले, तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. म्हणून औषधाची ताकद लिहिली नसेल तर मिली बरोबर असले तरी तो कागद "चुकला" यातच धरायचा.

४. भाजक पक्का करा

अंश, म्हणजे किती मुलांच्या बाबतीत काम झालं, हे सगळ्यांना कळतं. घोळ होतो तो भाजकात, म्हणजे एकूण किती मुलांपैकी, यात. "आम्ही शंभर मुलांना झिंक दिलं" हे वाक्य निरुपयोगी आहे, जोवर जुलाबाची मुलं किती आली ते माहीत नाही.

भाजकाची व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर शब्दांत लिहा: कुठलं वय, कुठली तक्रार, फक्त पहिली भेट की फेरतपासणीही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणी मोजलं तरी तेच कागद निवडले जायला हवेत.

खोकल्याचा भाजक निदानावरून घेऊ नका, तक्रारीवरून घ्या. "सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक किती" हे मोजायला सुरुवात केली की दोन महिन्यांत सर्दीची निदानं कमी होतात आणि ब्राँकायटिसची (श्वासनलिकांच्या सुजेची) वाढतात. कुणी मुद्दाम करतं असं नाही, हात आपोआप तसा वळतो. अँटिबायोटिक तेवढंच राहतं आणि टक्का मात्र सुधारलेला दिसतो. खोकला घेऊन आलेली सगळी मुलं भाजकात धरली की ही वाट बंद होते.

लसीकरणाचा भाजक तर आणखी नाजूक. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत द्यायचा. मग भाजक हा "या महिन्यात ज्यांचा पहिला वाढदिवस झाला ती सगळी मुलं", लसीकरणाला आलेली मुलं नव्हेत. बीड, अहिल्यानगर, जालना अशा भागांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की निम्मा वाडा रिकामा होतो. त्यांची मुलं यादीतून काढलीत तर टक्का चकचकीत होतो आणि नेमकी ज्यांना गरज आहे ती मुलं नजरेआड जातात. त्यांना यादीत ठेवा, पुढे "स्थलांतर" असं लिहा, परतायचा महिना लिहा. साखर कारखान्याच्या पट्ट्यात तुमची ओपीडी असेल तर उलट काम करा: टोळीवरून आलेल्या प्रत्येक मुलाचं कार्ड मागा, गाव कुठलंही असो. खाजगीत सहा रोगांची एकत्रित लस घेतलेलं मूल सरकारी नोंदीत पेंटाव्हॅलंटविना, म्हणजे पाच रोगांच्या सरकारी लसीविना, दिसतं, तेही कार्ड बघूनच कळतं.

५. कागद निवडा आणि मोजा

महिन्याचे सगळे कागद मोजायची गरज नाही. प्रत्येक निर्देशांकाचे ३० पुरेत. निवड मात्र हाताने करू नका, हात नेहमी नीटनेटका कागद उचलतो. महिन्यात खोकल्याची १८० मुलं आली असतील तर १८० भागिले ३० म्हणजे ६; एक ते सहामधला एक आकडा चिठ्ठी काढून घ्या आणि तिथून प्रत्येक सहावा कागद काढा. ३० पेक्षा कमी मुलं आली असतील तर सगळेच घ्या.

वहीत ओळी मुलांच्या आणि रकाने प्रश्नांचे. उत्तर फक्त हो किंवा नाही. नाव लिहू नका, केसपेपरचा क्रमांक पुरतो. अर्धवट लिहिलेल्या कागदाला "नाही" द्या. मन मोठं करून "बहुधा केलं असेल" म्हणायला लागलात की मोजमाप संपलं.

३० कागदांत किती विश्वास ठेवायचा? समजा १५ कागदांवर "हो" आलं, म्हणजे ५० टक्के. खरा आकडा ३२ ते ६८ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून एका महिन्यात ५० वरून ५७ झालं तर पेढे वाटू नका, आणि ५० वरून ४३ झालं तर कुणाला रागावू नका.

६. आकडे खरे आहेत का?

ही पायरी लोक गाळतात. मला ती सगळ्यांत मोलाची वाटते.

श्वासाचे लिहिलेले आकडे एका ओळीत मांडा. पूर्ण मिनिटभर मोजले असतील तर त्यांत सम-विषम दोन्ही दिसतील: ३७, ४२, ५३, २९. सगळे सम असतील तर अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेत. सगळेच ४ ने भाग जाणारे असतील, २८, ३२, ३६, ४०, तर पाव मिनिटच मोजलेत. लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो. मध्येच थांबतो, मग भरभर चालतो. पाव मिनिटात दोन श्वासांची चूक झाली तर मिनिटाला आठचा फरक पडतो, आणि ४८ च्या बाळाला न्यूमोनियाचा शिक्का बसतो किंवा ५४ च्या बाळाला घरी पाठवलं जातं. बाळ आईच्या मांडीवर शांत असताना, झबलं वर करून, पोटाकडे बघत पूर्ण साठ सेकंद मोजायचे. रडत असेल तर थांबायचं, अंगावर पाजू द्यायचं, मग मोजायचं.

वजनांचे शेवटचे आकडे बघा. १०.०, ९.५, १२.०, ८.५ असेच असतील तर काट्याकडे न बघता अंदाजे लिहिलं जातंय. फ्रीजच्या वहीत सकाळ-संध्याकाळ, रविवारी, लोडशेडिंगच्या दिवशीही ४ अंशच लिहिलेले असतील तर थर्मामीटर स्वतः जाऊन बघा. लसींना २ ते ८ अंश लागतात, आणि पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकल, आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) या गोठल्या की कायमच्या वाया जातात. घरगुती फ्रीज वापरत असाल तर दारातल्या कप्प्यात आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटून लस ठेवू नका.

असं काही सापडलं तर नर्सताईंना सगळ्यांसमोर विचारू नका. गर्दीच्या वेळी एका माणसाकडून वजन, श्वास, दंडघेर, नोंद आणि फोन एवढं सगळं होत नाही, आणि बहुतेक वेळा खरं कारण तेच निघतं.

७. आईला बाहेर विचारा

केसपेपर तुम्ही काय लिहिलं ते सांगतो. आई काय घेऊन घरी गेली ते सांगत नाही. आठवड्यातून एक दिवस ओपीडीतून बाहेर पडणाऱ्या चार-पाच जणींना, किंवा बाळाला घेऊन आलेल्या आजीला, तीन प्रश्न विचारा. डॉक्टरांनी स्वतः विचारू नये; समोर डॉक्टर असले की सगळ्या "हो, कळलं" म्हणतात. दुसऱ्या कुणाला तरी बाकावर शेजारी बसून विचारू दे.

- हे औषध बाळाला किती द्यायचं? दाखवता का?
- किती दिवस द्यायचं?
- काय झालं तर लगेच परत आणायचं?

"दाखवता का" हे महत्त्वाचं. बाटलीच्या झाकणात तिला ओतून दाखवू द्या. झाकणावरच्या रेषा इतक्या पुसट असतात की अडीच मिली कुठे आणि पाच कुठे हे चष्म्याशिवाय आजीला दिसतच नाही. ती झाकण काठोकाठ भरते. अशा दोन-तीन जणी दिसल्या की सुई नसलेली सिरिंज द्यायला लागा आणि पेनने त्यावर खूण करा. माझ्या मते मुलांच्या ओपीडीत इतक्या कमी पैशात इतका फरक पाडणारा बदल दुसरा नाही.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात यापैकी निदान दोन यायला हव्यात: पीत नाही, सगळं उलटून पडतं, झटका आला, नुसतं निपचित पडून आहे, श्वास भरभर चालतोय. "ताप कमी नाही झाला तर" एवढंच आलं तर सांगण्यात काहीतरी राहतंय.

याच दिवशी थांबण्याचा वेळही बघता येतो. आल्याची वेळ केसपेपरवर लिहा, आत गेल्याची वेळ लिहा. सरासरीपेक्षा एक गोष्ट शोधा: निपचित किंवा धापा टाकणारं बाळ रांगेत बसून राहिलं का? असं एकही सापडलं तर रांगेवर नजर ठेवायचं काम त्याच आठवड्यात कुणाला तरी नेमून द्या.

८. भिंतीवर रेघ काढा, आणि एका वेळी एकच बदल

दर महिन्याचा टक्का आलेखावर बिंदू म्हणून मांडा. बाजूला त्या महिन्यात काय बदललं ते लिहा: शिक्का आला, नवीन नर्स आल्या, झिंकचा साठा संपला. आठ-दहा बिंदू झाले की मधोमध रेषा मारा, निम्मे बिंदू वर आणि निम्मे खाली येतील अशी. त्यानंतर सलग सहा किंवा जास्त बिंदू एकाच बाजूला आले तर खरंच काहीतरी बदललंय असं समजा. तोवर वर-खाली होणं चालायचंच.

टक्का कमी असेल तर आधी कारण कुठल्या जागी आहे ते शोधा. समजा झिंक ३० पैकी ११ जणांनाच गेलं. ते लिहिलंच नाही, की लिहिलं पण साठा नव्हता, की दुकानदाराने दुसरं दिलं? तिन्हीचे उपाय वेगळे. साठा नसेल तर डॉक्टरांचं प्रशिक्षण घेऊन उपयोग नाही. लिहायचंच राहत असेल तर ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या १४ गोळ्यांची पट्टी एकाच पिशवीत बांधून टेबलावर ठेवा. एक उचललं की दुसरं येतंच. आणि महिनाभर फक्त हेच करा. तीन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

एखादा निर्देशांक सलग सहा महिने ९० टक्क्यांच्या वर राहिला की तो दर महिन्याला मोजणं थांबवा, तिमाहीत एकदा बघा, आणि त्या जागी नवा घ्या. माझा पुढचा पर्याय संदर्भ सेवेचा असतो: पुढे पाठवलेल्या मुलांपैकी किती जण खरंच पोहोचले. त्यासाठी चिठ्ठी देतानाच घरच्यांचा फोन नंबर वहीत घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन कोण करणार त्याचं नाव त्याच ओळीत लिहा. बाळ पोहोचलं नसेल तर एसटी चुकली, पैसे नव्हते की घरातून नको म्हणाले, तेही तिथेच टिपा. आणि त्याच फोनवर गावच्या आशाताईंचा नंबर मागून घ्या.